‘पुणेकर गाडी सोडणार नाही’ हे कोणी ठरवलं?

गेले काही महिने सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: गाडी पुणेकराच्या रक्तात आहे, तो ती सोडणार नाही. बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, फसली, म्हणजे इथे बस चालत नाही. तेव्हा उड्डाणपूल बांधा, रस्ते रुंद करा आणि पार्किंगचे पैसे मागून सामान्य माणसाला लुटू नका. हा मजकूर मला पाठवणाऱ्यांपैकी काही जण स्वतः रोज तास-तासभर कोंडीत अडकतात, म्हणून मनापासून उत्तर देते आहे.

पहिला मुद्दा रक्ताचा. माझ्या आजोबांच्या पिढीचं पुणं ‘सायकलींचं शहर’ म्हणून ओळखलं जायचं. पाळी सुरू व्हायच्या वेळेला खडकीच्या कारखान्यांकडे सायकलींचा लोंढा निघायचा. १९७२ साली लूना आली, चेतकही त्याच सुमाराची, आणि ती तर आपल्या आकुर्डीत बनायची. मग शहर धनकवडी, हडपसर, कोथरूडच्या पलीकडे पसरलं, नोकऱ्या हिंजवडीला गेल्या, आणि बस मात्र त्या वेगानं वाढल्या नाहीत. २०१८ साली आरटीओकडे नोंदलेली वाहनं ३६ लाखांवर गेली, म्हणजे शहराच्या तेव्हाच्या अंदाजे लोकसंख्येपेक्षाही जास्त. दोन पिढ्यांत लागलेली सवय आहे ही. सायकल सोडून दुचाकीवर बसताना पुणेकरानं कुणाला रक्त विचारलं नव्हतं. जे परवडलं आणि वेळेत पोचवायला लागलं, ते त्यानं घेतलं.

आजही तो तेच करतो. आमच्या मजल्यावरचे अप्पा वनाज स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर राहतात. मार्च २०२२ मध्ये मेट्रो फक्त गरवारे कॉलेजपर्यंत धावायला लागली, तेव्हा ‘पांढरा हत्ती’ म्हणणाऱ्यांत ते सगळ्यात पुढे होते. त्यांचं चुकत नव्हतं, कारण त्यांना जायचं असायचं मंडईला. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाला आणि मंडईचं स्टेशन उघडलं. आता दर रविवारी सकाळी अप्पा कापडी पिशवी घडी करून खिशात घालतात, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलतात आणि मंडईत उतरतात. स्कूटर जिन्याखाली असते, तिच्या सीटवर धूळ बसलेली. त्यांना कुणी पर्यावरणावर भाषण दिलं नव्हतं. मंडईजवळ स्कूटर लावायला जागा शोधत तीन फेऱ्या मारायचा त्रास वाचला, एवढंच.

बीआरटीचं अपयश मी नाकारत नाही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर हा देशातला पहिला प्रयोग सुरू झाला, पण बसची वेगळी मार्गिका मध्येच तुटायची, नेमकी चौकात आणि पुलाशी, जिथे तिची सगळ्यात जास्त गरज होती. तिच्यात दुचाक्या आणि गाड्या घुसायच्या. रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत जीव मुठीत धरून पोचावं लागायचं. अर्धी विहीर खणून ‘या जमिनीत पाणीच नाही’ म्हणण्यासारखं आहे हे. आणि इतकं होऊनही पीएमपीच्या बसमधून रोज दहा लाखांच्या आसपास प्रवास होतात. बस चालत नाही म्हणणाऱ्यानं संध्याकाळी सहाला स्वारगेटला एकदा उभं राहावं.

उड्डाणपुलांबद्दल थोडक्यात. विद्यापीठ चौकातले पूल उणीपुरी पंधरा वर्षंही उभे राहिले नाहीत. २०२० मध्ये मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी ते पाडले, आणि ते उभे होते तेव्हाही त्या चौकात कोंडी होतीच. रस्ता मोकळा झाला की कोंडीला घाबरून दुसरी वेळ किंवा दुसरा रस्ता धरणारे सगळे तिथे परत येतात. एका चारचाकीत बहुतेक वेळा एक माणूस असतो आणि ती दहा चौरस मीटरच्या आसपास रस्ता अडवते. साधी बारा मीटरची बस साताठ मीटर जास्त लांब, पण तिच्यात साठ माणसं मावतात. हा हिशेब पूल बांधून बदलत नाही.

आता पार्किंग. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेनं पार्किंग धोरण मंजूर केलं. ओरड झाली, मग ते पाच रस्त्यांपुरतं प्रायोगिक ठरलं आणि तेवढंही सुरू झालं नाही. ‘लोकांना नको होतं’ असं आजही सांगतात. पण आधी नको असणं आणि अनुभवानंतर नको असणं यात फरक आहे. स्टॉकहोममध्ये शहरात गाडी आणण्यावर शुल्क लावायचं ठरलं, तेव्हा बहुसंख्य लोक विरोधात होते. २००६ मध्ये जानेवारी ते जुलै ते आजमावून पाहिलं. शहरात येणारी-जाणारी वाहतूक साधारण पाचव्या हिश्श्यानं घटली. सप्टेंबरच्या सार्वमतात शहरवासीयांनी थोड्या बहुमतानं होकार दिला, आसपासच्या अनेक गावांनी मात्र स्वतःच्या मतदानात नकार. ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झालं आणि पाठिंबा पुढे वाढतच गेला. तिथले वाहतूक अभ्यासक योनास एलियासन सांगतात की आपलं मत बदललं आहे हेही अनेकांना आठवत नव्हतं. मात्र तिथे शुल्काच्या काही महिने आधी दोनशेच्या आसपास जादा बस रस्त्यावर आल्या होत्या. आपण हा क्रम उलटा केला तर सामान्य माणूस चिडणारच, आणि त्याचं चिडणं योग्य असेल.

पण हा ‘सामान्य माणूस’ कोण? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी रोज दोन किलोमीटर चालत येतात, कारण शेअर रिक्षाचे दोन्ही वेळचे पैसे परवडत नाहीत. फुटपाथवर लावलेल्या गाड्यांमुळे त्यांना रस्त्यात उतरावं लागतं. फुकट पार्किंगची किंमत त्या भरतात, आणि त्यांच्याकडे गाडी नाही.

राहिले दुकानदार. गाड्या बंद झाल्या की गिऱ्हाईक तुटेल, ही त्यांची भीती. २०२१ पासून ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन पाळते आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद असतो. एका वर्षी आईला घेऊन गेले होते. मुलं डांबरावर खडूनं चित्रं काढत होती, दुकानांत गर्दी होती. आई रस्त्याच्या मधोमध थांबली आणि वर बघत म्हणाली, “चाळीस वर्षं इथे साड्या घेतल्या, पण या वाड्याला इतकी सुंदर लाकडी गॅलरी आहे हे आज दिसलं गं.” मग तिनं घरी न्यायला परकराचं कापड घेतलं, गजरा घेतला, आणि दुकानाच्या पायरीवर निवांत बसून पाणी प्यायली.