फोटो झाला, किट परत द्या

मला एक कळत नाही. ज्या कार्यक्रमाला येणारी निम्मी मुलं आवाजानं बिथरणारी असतात, तिथे ढोल-ताशा लावायचं कुणाच्या डोक्यात येतं? त्या महाभागाला एकदा भेटायचंय. मारणार वगैरे नाही. त्याला स्पीकरच्या पुढ्यात खुर्ची देणार, चार तास बसवणार आणि मग विचारणार, "हं दादा, सांगा बघू, यातला लाल मणी कुठला?"

परवाचं दिव्यांग मुलांचं साहित्यवाटप हो. निरोप आदल्या रात्री दहाला ग्रुपवर पडला. 'सर्व लाभार्थ्यांनी सकाळी ठीक 9 वाजता पालकांसह उपस्थित राहावे. अनुपस्थित राहिल्यास ती आपली वैयक्तिक जबाबदारी राहील.' आपली वैयक्तिक जबाबदारी! मुलगा आपला, रजा आपली, रिक्षाचं भाडं आपलं, जबाबदारीही आपलीच. त्यांचा फक्त फोटो. यांची फर्स्ट शिफ्ट, म्हणून ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या लेकाला घेऊन मी निघाले. डबा, पाणी, जादाची चड्डी, यांच्या कंपनीतून आणलेले इअरमफ (प्रेस शॉपवाले लावतात ते), आणि ती दाखल्यांची फाईल. फाईल म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

प्रमुख पाहुणे उगवले एकला दहा कमी असताना. तोवर 'हॅलो, चेक, चेक' आणि सूत्रसंचालक. सूत्रसंचालक या जमातीशी माझं मुळातच जमत नाही. मुंजीत, निरोपसमारंभात, शोकसभेतसुद्धा यांच्या खिशात चारोळी तयार. हा पठ्ठ्या दर पाच मिनिटांनी 'अंधाराकडून प्रकाशाकडे' म्हणत होता. लाईट गेलेच नव्हते. मागे बॅनर, त्यावर साहेब लोकांचे फोटोच फोटो, मुलाचा एकही नाही, आणि 'सक्षमीकरण' चक्क ऱ्हस्व. चार तास त्या ऱ्हस्व 'मि'कडे बघत बसले होते मी, माझं काय झालं असेल विचार करा.

माझ्या शेजारची सेरेब्रल पाल्सीची (हालचालींवर ताबा न राहणारा मेंदूचा विकार) पोरगी आईच्या मांडीवर घामाघूम झाली होती. व्हीलचेअर मंडपातच होत्या, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून, ओळीनं लावलेल्या. बसायला द्याल का विचारलं तर म्हणे, "साहेबांच्या हस्ते व्हायच्यात ना ताई."

तर पाहुणे आले, ढोल वाजला, नारळ फुटला, शाली झाल्या. व्यासपीठावरच्या प्रत्येकाला शाल. मे महिन्यात. मग नावं पुकारायला लागले. तिसऱ्या का चौथ्या नावाला कुणी उठेना. पाहुणे हात पुढे करून उभे, फोटोग्राफर गुडघ्यावर, आणि मुलगा गैरहजर. एक जाकीटवाले गृहस्थ खाली उतरले, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या लेकाचा दंड धरला. "ताई, याला घेतो जरा, दोन मिनिटं. गोंडस आहे." मी उठेपर्यंत हा वर. इअरमफ कुणीतरी काढून टेबलावर ठेवले, फोटोत बरे दिसत नाहीत म्हणून. हातात टीएलएम किट, म्हणजे शिकायच्या साहित्याची पिशवी, दिली. माइकवर नाव दुसऱ्याच मुलाचं. टाळ्या.

आणि माझ्या लेकानं काय करावं? तिथेच फतकल मारून बसला, पिशवी उघडली, मण्यांचा डबा काढला आणि पाहुण्यांच्या दोन बुटांच्या मध्ये पिवळे मणी एका रेषेत लावायला लागला. इतक्या गोंगाटात! इतका शांत मी त्याला महिन्याभरात बघितला नव्हता. क्षणभर वाटलं, चला, काहीतरी आपल्या पदरात पडलं. चार तास गेले, गेले.

व्यासपीठामागे एक टेबल होतं. तिथे एक बाई यादी घेऊन. "नाव?" सांगितलं. "यादीत नाही." म्हटलं, मोजमाप शिबिराला (कुणाला कुठलं साहित्य ते ठरवतात तिथे) आलो होतो, फॉर्म भरलाय, ही पोच. तिनं शेजारच्या ऑपरेटरला विचारलं. तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "स्वमग्नला काही नसतं. किट बौद्धिक दिव्यांगांना आहे." मग 'सर्व लाभार्थी' म्हणून निरोप कशाला धाडलात? "तो सगळ्यांनाच जातो मॅडम." अच्छा. म्हणजे मंडप भरायला.

"ताई, फोटो झालाय ना? किट परत द्या."

दहा वर्षांच्या, ऑटिझम असलेल्या मुलाच्या हातातून, त्यानं रांगेत लावलेलं काहीतरी अर्ध्यावर काढून घ्यायचं म्हणजे काय, हे मी इथे लिहीत बसत नाही. ज्यांच्या घरी आहे त्यांनी आत्ता वाचता वाचता डोळे मिटले असतील. तो किंचाळला. मंडपातली सगळी डोकी आमच्याकडे. पहिल्या रांगेतली एक काकू दुसरीला म्हणाली, "लाडावून ठेवलंय." सूत्रसंचालकानं प्रसंगावधान राखून चारोळी टाकली.

आणि कळस ऐका. त्या बाईनं डबा उघडून मणी मोजले. भर गर्दीत, एकेक करून. "एक कमी आहे." लेकाच्या मुठीत होता. "ताई, सेट अपूर्ण जाईल, आमच्यावर येतं." अहो, इथे नगरपालिकेच्या दिव्यांगांसाठीच्या पाच टक्के निधीचा हिशेब मागितला की वर्ष-वर्ष कागद सापडत नाही, 31 मार्च जवळ आला की खर्च कशावर दाखवायचा म्हणून पळापळ होते, आणि प्लॅस्टिकच्या मण्याची मोजदाद मात्र अशी काटेकोर! मी म्हटलं, मण्याची पावती फाडा. काय असेल ते भरते. तर म्हणाली, "पावतीपुस्तक ऑफिसला आहे."

मणी दिला नाही. लिहून घ्या.

काल लोकल पेपरात फोटो आला. आमचे चिरंजीव मधोमध, खाली नाव त्या गैरहजर पोराचं. सासूबाईंनी कात्रण काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. नाव चुकलं म्हणून काय झालं, चेहरा तर आपलाच आहे ना, म्हणतात. यांना एकदा राग आला की मला धीर येईल, पण नाही.

आता राग आलाच आहे तर बाकीचंही येऊ दे.

दिव्यांग प्रमाणपत्र देणारं मेडिकल बोर्ड बुधवारी. बुधवारी गेलं की सायकॉलॉजिस्ट नाही, कारण पद रिक्त. मग चिठ्ठी देणार दुसऱ्या जिल्ह्याची. खासगी रिपोर्ट चालत नाही, सरकारीत माणूस नाही. कामतांनी 1930च्या दशकात बसवलेली बुद्धिमापन चाचणी, तीच अजून काढतात, आणि पोरानं उत्तर दिलं नाही की 'असहकार्य' असा शेरा. दहा वर्षांच्या पोराचा म्हणे असहकार. आमचं प्रमाणपत्र अजून 'तात्पुरते'. मुदत संपली की पुन्हा तीच रांग, पुन्हा तोच प्रश्न, "आता काही फरक?" माझ्या मैत्रिणीची लेक डिस्लेक्सियाची. तिचं आठव्या वर्षी काढायचं, चौदाव्या वर्षी परत, अठराव्याला परत. मध्ये दहावी. राज्य मंडळ तासाला वीस मिनिटं जादा देतं ते याच कागदावर, लेखनिक याच कागदावर, आणि तो कागद हातात पडेपर्यंत पूर्वपरीक्षा होऊन जाते.

शाळा. शाळेबद्दल मी बोलूच नये. ॲडमिशनला प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "आमची शाळा सगळ्यांना सामावून घेणारी, इन्क्लुझिव्ह आहे." आहेच. बारा वाजेपर्यंत. बाराला फोन येतो, "मम्मा, घेऊन जाता का? आज जरा जास्त करतोय." सगळ्या शाळाभर मी मम्मा. शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसणारी मदतनीस) आणा म्हणतात, पगार आम्ही द्यायचा, आणि तिला स्टाफरूममध्ये बसायची परवानगी नाही. गॅदरिंगच्या दिवशी 'त्याला बरं नसेल तर नका आणू' असा प्रेमळ सल्ला. तपासणीच्या दिवशी मात्र गणवेश इस्त्री करून पाठवा, पहिल्या बाकावर बसवणार.

थोरला जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. तिथे निदान विशेष शिक्षिका यायच्या. बिचारी बाई कंत्राटी, स्वतःच्या स्कूटीत स्वतःचं पेट्रोल घालून गावोगाव फिरायची, कुठल्या शाळेत पंधरा दिवसांनी पोचायची, तर कुठे महिन्यानं. तिच्यावर मी ओरडणार नाही. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, प्राथमिकला विशेष गरजांच्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. दहांमागे एक! आमच्या तालुक्यात तो एक शिक्षक दाखवा, मी त्याच्या हस्ते नारळ फोडते.

आणि 3 डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. त्या दिवशी सगळ्यांना आमची मुलं आठवतात. 2022च्या 3 डिसेंबरला राज्यानं दिव्यांग कल्याणचा स्वतंत्र विभाग काढला. ऐकून मी पेढे वाटले होते. खरंच वाटले, पाव किलो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सातांच्या एकवीस दिव्यांगता झाल्या, त्यात ऑटिझम आला, तेव्हाही मी अशीच हुरळले होते. एकवीस झाल्या, पण यादीवाल्या बाईकडे अजून जुना कागद असावा.

आता हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, बाई भलतीच तडफदार. कुठली हो. आमच्या पालकांच्या ग्रुपवर मला 'वकीलबाई' म्हणतात. शिक्षण बी. कॉम., सेकंड क्लास. त्याच दिव्यांग कायद्याचं कलम 31 मला तोंडपाठ आहे, सहा ते अठरा वर्षं, मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत. पण रेशनकार्ड कुठल्या कप्प्यात ते विचारा. भाजीवाल्यानं सुटे पैसे नाहीत म्हटलं की माझ्या तोंडून 'लेखी द्या' निघतं. मागे लग्नात नणंदेनं आहेराची पिशवी परत घेतली, चुकून दुसऱ्याची दिली होती म्हणून, तर मी तिला पोच मागितली. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पंचायत समितीत मी पायरी चढले की आतले दोघं चहाला उठतात, शिपाई हसून सांगतो, "आत्ताच गेले बघा." फाईलला मी कव्हर घातलंय, सूची केलीय, रंगीत टॅब लावलेत. एक दिवस लेकानं ते टॅब काढून रंगानुसार परत लावले. आता मला काही सापडत नाही, पण दिसतं सुंदर.

नातेवाइकांवर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मोबाईल बंद करा म्हणजे बोलेल, असं सांगणारे मामेसासरे स्वतः जेवताना रील्स बघतात, आवाज मोठा करून, एवढं तरी नोंदवून ठेवते. आणि ज्यांचा ज्यांचा भाचा 'पाच वर्षांपर्यंत एक शब्द बोलत नव्हता आणि आता अमेरिकेत आहे', त्या सर्व भाच्यांची एकदा जनगणना व्हावी. निम्मी अमेरिका आमच्या न बोलणाऱ्या भाच्यांनीच भरली असणार.

एसटीतला कंडक्टर तर राहिलाच. 75 टक्के सवलत, कार्ड दाखवलं, तर कार्ड उलटसुलट करून लेकाकडे बघतो. "हातपाय तर बरे आहेत की." मागच्या सीटवरून एक आजोबा म्हणाले, "मास्तर, तिकीट फाडा, तुमच्या खिशातून जातंय का?" त्या आजोबांना माझा साष्टांग नमस्कार. त्या दिवसभरात शहाण्यासारखं बोललेला तो एकच माणूस. यंत्रणेत नव्हता, अर्थात.

असो. तक्रार अर्ज लिहायला घेतला होता, पुण्याला, दिव्यांग कल्याण आयुक्तांना. 'विषय:' पुढे काय लिहावं ते सुचेना. 'मण्याबाबत' लिहिलं तर वेडी म्हणतील. 'मुलाच्या हातातून किट काढून घेतल्याबाबत' लिहिलं, तर पुढे 'संदर्भ' हवा. संदर्भ काय देऊ, पेपरातलं कात्रण? त्यात तर माझा मुलगा दुसरंच कुणीतरी आहे आणि त्याला किट मिळालेलं आहे.

एवढ्यात ग्रुपवर मेसेज. एक नवीन आई आलीय, पोरगा साडेतीन वर्षांचा. विचारतेय, पुढच्या मोजमाप शिबिराला काय काय न्यायचं. 'कशाला जातेस?' असं टाइप करून मी खोडलं. मग लिहिलं: आधार दोघांचं, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) झालं नसेल तर अर्जाची पावती, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट फोटो चार, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. मूळ प्रत कुणाच्याही हातात द्यायची नाही. पाणी, खाऊ, पंखा. आणि कुणी जाकीटवाला म्हणाला दोन मिनिटं याला घेतो, तर आधी यादीत नाव दाखवा म्हणावं.