राखेची वाटी आणि मावशीचा मेसेज

रविवारी नागपूरच्या महाल भागात मावसबहिणीचं बाळ बघायला गेलो. बाळ चार दिवसांचं. उशाशी वाटीत गोवरीची राख. "नाळेला लावाची आहे, लवकर सुकते," मावशी म्हणाली आणि पुरावा म्हणून मोबाइल पुढे केला. तोच मेसेज, आमच्या तीन ग्रुपांवर फिरणारा: जन्मनोंद आणि घरी येणाऱ्या नर्सबाई म्हणजे इंग्रजांनी बाळांवर कर बसवायला काढलेली युक्ती, सुईणीच्या हातचं लेकरू कधी दगावत नव्हतं, आईचा चीक (पहिलं घट्ट दूध) फेका, मध चाटवा, नाळेला शेण-राख लावा.

कर? कुठला बाप्पा! आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात 1866 साली नोंद सुरू झाली ती मृत्यूंची, साथी आवरायच्या म्हणून. मेलेल्याकडून कर कोण वसूल करणार? विलायतेत जन्मनोंदीला सहा आठवड्यांची मुदत होती. तेवढ्यात कित्येक बाळं जायची. म्हणून 1907च्या कायद्यानं जन्म 36 तासांत आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचा, म्हणजे सल्ला द्यायला बाई वेळेत घरी पोचेल. त्याआधी तिथल्याच हडर्सफील्ड शहराच्या महापौरानं लाँगवूड भागातलं बाळ वर्षाचं झालं की आईला एक पौंड देऊ केला होता. घेणं सोडा, पदरचे देत होता. हो, घरी जाणाऱ्या त्या सल्लागार बाया गरीब आयांना उपदेश फार पाजायच्या, घरात धड पाणी नसलं तरी. तेवढं खरं.

आता ती वाटी. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात बीजरूपानं पडून असतात आणि ओली नाळ म्हणजे उघडी जखम. राख लावली त्या दिवशी काहीच दिसत नाही. आठवड्याभरात बाळ अंगावर ओढेनासं होतं, जबडा आवळतो, हात लावला तरी अंग ताठतं. सटवाईनं नेलं म्हणायचे त्यातली किती लेकरं अशी गेली असतील, कोण जाणे. आईला टीटीची (धनुर्वाताच्या लसीची) सुई, नव्या ब्लेडनं कापलेली नाळ, तिच्यावर काही न लावणं, असं करत करत 2015 साली भारत नवजात धनुर्वाताच्या निर्मूलनापर्यंत पोचला. ते एका वाटीत घालवायचं का, मावशी?

सुईणीबद्दल मात्र अर्धं खरं आहे, आणि नाइलाजानं लिहितो. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजातांची काळजी घेतली. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. म्हणजे घर वाईट नव्हतंच. पण त्या बाया बाळाचं वजन करत, श्वास मोजत आणि सगळं लिहून ठेवत. मेसेजवाल्याला नेमकं तेच नको आहे.

चीक फेकायचा नाही, बाळाची पहिली लस तीच. मध वर्षाच्या आत नाही. जन्मनोंद 21 दिवसांत, नाहीतर शाळेच्या दारात हेलपाटे.

राख मी तुळशीत ओतली आणि वाटी घासून ठेवली. मावशी अजून बोलत नाही.