आठ फुटांचे गॅरेज

मराठी माणूस 'गाडी गॅरेजला टाकली' म्हणतो तेव्हा ती दुरुस्तीला दिलेली असते. घरच्या गॅरेजमध्ये गाडी असते, हा समज बहुधा ज्यांच्या घराला गॅरेज नाही त्यांचाच असतो. कोथरूडच्या आमच्या घराचे आठ फूट रुंदीचे गॅरेज बाबांनी १९७४ साली बांधले, ते फियाट घ्यायची म्हणून. त्या काळी मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पण रिकामी जागा एवढी वाट पाहत नाही. नंबर लागला तोवर आत्याचे लग्न होऊन पैसे संपले होते आणि गॅरेजमधली जागाही.

बाबा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. दर रविवारी ते मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जात आणि पिशवीतून पाने, पक्कडी, कानशी, रंधे, गिरमिटे असे काहीबाही घेऊन येत. आयुष्यात एकही भिंत न बांधलेल्या या गृहस्थाकडे तीन ओळंबे आहेत. डालड्याचे पिवळे डबे खिळे, वायसर आणि आटे गेलेले स्क्रू यांनी गळ्यापर्यंत भरलेले. प्रत्येक डब्यावर बाबांच्या अक्षरात आतल्या मालाचे नाव आणि प्रत्येक डब्यात भलताच माल.

यंदा जूनच्या पहिल्याच वादळात गुलमोहराची फांदी आमच्या बाहेर उभ्या गाडीच्या टपावर पडली आणि गॅरेज आवरायचे ठरले. माझी पत्नी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. तिने आल्या आल्या 'फाइव्ह एस' ही जपानी पद्धत लागू केली: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके, म्हणजे निवड, मांडणी, स्वच्छता, प्रमाणीकरण आणि शिस्त. ज्या वस्तूचा उपयोग सांगता येत नाही तिला लाल चिठ्ठी बांधायची आणि बाजूला काढायची, एवढा साधा नियम होता. मात्र हा नियम करणाऱ्या जपानी माणसाने माझ्या वडिलांना पाहिलेले नव्हते. संध्याकाळपर्यंत लाल चिठ्ठी लागली ती फक्त माझ्या क्रिकेटच्या पॅडना.

खरी लढाई झाली ती अर्ध्या इंची पान्यावरून. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यामुळे हा पाना तेरा नंबरच्या नटावर चढत नाही आणि बाराच्या नटावर घसरून त्याचे कोपरे मात्र गोल करून ठेवतो.

"बाबा, आपल्या घरात अर्ध्या इंची नट आहे तरी का?"

"नाही. पण उद्या आला तर?"

असा नट आपण होऊन कोणाच्या घरी येईल हे मला कळेना. पण पत्नीने निग्रहाने पान्याला चिठ्ठी बांधली आणि दुसऱ्या दिवशी तो इतर लोखंडाबरोबर भंगारवाल्याच्या तराजूत गेला. सगळे मोजून झाल्यावर भंगारवाला हातगाडी ढकलू लागला, तर चाक डुगडुगत होते. त्याने आमच्याकडे पाना मागितला. घरातले आठापासून बत्तीसपर्यंतचे सगळे पाने लावून झाले, एकही घट्ट बसेना; कारण ते चाक त्याने कुठल्याशा जुन्या यंत्राच्या बोल्टवर बसवले होते. बाबा शांतपणे उठले, त्यांनी तराजूतला तो पाना उचलला, दोन फेऱ्यांत नट आवळला आणि पाना स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. त्यानंतर दोन दिवस ते कोणाशीही वाद घालत नव्हते, नुसते खिशावरून हात फिरवत होते.

राहिलेली हत्यारे टांगायला आम्ही प्लायची मोठी फळी आणून रंगवली आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराची बाह्याकृती काढली, म्हणजे जागेवर नसलेले हत्यार लांबूनही कळावे. आता फळी भिंतीवर लावायची तर ड्रिल हवे. ड्रिल मिळाले, पण त्याच्या चकची, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडाची, चावी मिळेना. ती शोधण्यासाठी पुन्हा सगळे डबे उपडे केले, म्हणजे चार दिवसांची निवड आणि मांडणी एका तासात पूर्वपदावर आली. अखेर बोहरी आळीत जाऊन नवी चावी, सहा नंबरचे बिट आणि स्क्रूसाठी भिंतीत ठोकायच्या गिट्ट्या आणल्या. शिवाय एक सुरेख करवत आणली, तिची गरज काय असे मला आजही कोणी विचारू नये. जुनी चावी नंतर 'आगकाड्या' असे लिहिलेल्या डब्यात सापडली.

तिसऱ्या रविवारी गॅरेज लखलखीत झाले. डावीकडे फूटभर खोल मांडण्या, उजवीकडे फळी, मध्ये मोकळी फरशी. मी गाडी अलगद आत घेतली, इंजीन बंद केले आणि दार उघडले. ते चार बोटे उघडले आणि फळीवर टांगलेल्या रंध्याला टेकले. फियाट जेमतेम दीड मीटर रुंद होती. आमची गाडी पावणेदोनच्या घरात जाते. दुसऱ्या बाजूचे दार मांडणीला अडले. मागच्या सीटवरून डिकीत आणि डिकीतून बाहेर असा प्रवास करून मी उजेडात आलो तेव्हा पत्नी टेप घेऊन भिंत मोजत होती.

बाबा मात्र अर्ध्या इंची पाना हातात घेऊन गाडीच्या दाराच्या बिजागरीकडे निरखून पाहत होते.