तलावात गाळ कमी म्हणजे शेतातली माती शाबूत? अजिबात नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणे तलावात गाळ कमी येतोय म्हणजे वरच्या शेतांची धूप होत नाही, धूप फक्त डोंगरउतारावर होते, झाडं लावली की विषय संपला, पाणलोट (म्हणजे ज्या क्षेत्राचं पाणी एका ओढ्यात किंवा तलावात येतं ते) जेवढं मोठं तेवढी हेक्टरी धूप जास्त, आणि पाऊस कमी तिथं धूप कमी. मी सोडून दिलं असतं, पण माझा मामेभाऊ हे वाचून शेतातले बांध काढून एकच सलग पट्टा करायला निघालाय. "खाली गाळच नाही, मग बांध कशाला?" म्हणतो.

तर आधी गाळाचंच बघू, कारण नुकसान याच मुद्द्यानं होणार आहे. शेतातून सुटलेली माती सगळी तलावात पोचतच नाही. उतार कमी झाला की पायथ्याला बसते, बांधाला अडते, ओढ्याच्या काठावर पसरते, पुराच्या सपाट पट्ट्यात वर्षानुवर्षं पडून राहते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये कून क्रीक नावाचं खोरं आहे, तिथं भूगोलाचे अभ्यासक स्टॅनली ट्रिंबल यांनी 1853 ते 1993 एवढ्या काळाचा मातीचा जमाखर्च मांडला. 1930 च्या दशकानंतर तिथं समतल पेरणी (उताराला आडवी), पट्टा पद्धत (वेगवेगळ्या पिकांचे आडवे पट्टे) वगैरे आली आणि शेतातली सालकाढी (वरचा पातळ थर वाहून जाणारी) न् ओघळपाडी (बारीक ओघळी पाडणारी) धूप पुढं साधारण पावपटीवर आली. पण खोऱ्याच्या तोंडाशी बाहेर पडणारा गाळ? जवळपास तेवढाच, वर्षाला 40 हजार टनांच्या आसपास! आधी प्रचंड धूप होत होती तेव्हाही बहुतेक माती खोऱ्यातच अडकत होती आणि बाहेर थोडीच जायची. म्हणजे तोंडाशी गाळ मोजून वरच्या शेताचं सर्टिफिकेट देता येत नाही, ना चांगलं ना वाईट.

आता उतार. तीव्र उतारावर धूप जास्त होते, हे मान्य. पण उताराची लांबी कुठं गेली? विश्मायर आणि स्मिथ या अमेरिकन संशोधकांचं धुपीचं समीकरण जगभर वापरतात, त्यात पाऊस, मातीचा प्रकार, उतार आणि त्याची लांबी, पिकाचं आच्छादन, बांधबंदिस्ती असं सगळं गुणाकारात येतं. सहा टक्के उतारावर 30 मीटरचे दोन पट्टे आहेत आणि मधला बांध काढून 60 मीटरचा एक केला, तर त्या समीकरणानं हेक्टरी धूप साधारण 1.4 पट होते. तीच जमीन, तोच पाऊस, फक्त मधे पाणी अडवणारं काही राहिलं नाही. भारी जमिनीत बांधामागं पाणी साचून पीक पिवळं पडतं ही तक्रार खरी आहे, नाही म्हणत नाही, पण त्यासाठी ढाळीचे बांध (जास्तीचं पाणी हळूहळू बाजूला निघून जावं म्हणून थोडा उतार दिलेले) घाला, सांडवा नीट काढा, बांधच उडवून काय मिळणार?

झाडांबद्दल अर्धं खरं आहे. जंगल माती धरतं ते मुख्यतः खालच्या पालापाचोळ्यानं आणि गवतानं. उंच, मोठ्या पानांच्या झाडाखालची जमीन उघडी असेल, पाला झाडून किंवा जाळून टाकला असेल, तर पानांवरून एकवटलेले टपोरे थेंब उंचावरून जोरात आपटतात आणि माती उडते. सागाच्या लागवडीत हे दिसलेलं आहे.

मोठं पाणलोट म्हणजे एकूण गाळ जास्त, बरोबर, पण मेसेज हेक्टरी म्हणतोय आणि तिथंच चुकतो. क्षेत्र वाढलं की माती वाटेत बसायला जागा वाढते, त्यामुळं तोंडाशी पोचणारा हेक्टरी गाळ सहसा कमीच होतो, आणि तो म्हणजे धूप नव्हेच. पावसाचं तर उलटंही होतं, निमकोरड्या भागात झाडोरा विरळ असतो आणि थोड्याच पण जोरदार सरी उघड्या मातीवर पडतात, म्हणून तिथं गाळ भरपूर येऊ शकतो.

मामेभावाला म्हटलं, तलाव सोड, मोठ्या पावसानंतर स्वतःच्या शेतात फिर. खडे मातीच्या बारक्या खांबांवर उभे दिसतायत का, पिकाची मुळं उघडी पडलीत का, बांधाच्या वरच्या अंगाला ताजा पोयटा साचलाय का ते बघ. साचला असेल तर ती तुझ्याच शेतातली माती आहे आणि ती फक्त बांधामुळं शेतात राहिलीय, तेव्हा जेसीबीवाल्याला आधी नको म्हणून सांग.