पोर्ट ११९ आणि चपलांचं कपाट

घरात न्यूजग्रुपचा, म्हणजे इंटरनेटवरच्या विषयवार चर्चागटांचा, सर्व्हर चालवतो असं सांगितलं, की समोरचा माणूस कुणीही असो, पहिला प्रश्न ठरलेला. ‘‘यातून काही मिळतं का?’’ नाही म्हटलं की दुसरा, ‘‘मग विजेचं बिल?’’ ते मीच भरतो हे कळल्यावर तिसरा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही. फक्त हिच्याकडे वळून ‘‘वहिनी, तुम्ही कशा आहात?’’ अशी जरा जास्तच आपुलकीने चौकशी होते.

आमचे मेहुणे मात्र स्पष्टवक्ते. ‘‘अहो, व्हॉट्सॅपवर ग्रुप काढा की. दोन मिनिटांचं काम.’’ ते स्वतः इतक्या ग्रुपांचे अ‍ॅडमिन आहेत की सकाळचा पहिला तास त्यांचा सुप्रभातांची वर्गवारी करण्यात जातो. हे न्यूजग्रुप ज्या जाळ्यावर चालतात ते यूजनेट त्यांना मी समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. १९७९ साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात, टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. रात्री फोनचे दर उतरले की एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला फोन लावायचा, दिवसभरात जमलेली चर्चा त्याच्या हवाली करायची, त्याने ती तिसऱ्याला पोचवायची. वेब यायला अजून दहा-बारा वर्षं होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१च्या ऑगस्टमध्ये वेबची माहिती दिली ती एका न्यूजग्रुपवर. त्याच महिन्यात फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने, आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, फार मोठं काही होणार नाही, असं कळवलं तेही दुसऱ्या एका न्यूजग्रुपवर.

‘‘बरं,’’ मेहुणे म्हणाले, ‘‘पण याचा मालक कोण?’’

मालक कुणी नाही. मुख्य कचेरी नाही, अध्यक्ष नाही, खजिनदार नाही. प्रत्येक सर्व्हर आपापली प्रत ठेवतो आणि शेजाऱ्याला देतो, एवढाच कारभार. ज्या गोष्टीला खजिनदार नाही ती चालते कशी, हे मेहुण्यांना अजून पटलेलं नाही. ते त्यांच्या सोसायटीचे खजिनदार आहेत.

चालते कशी, तर नात्यात लग्न ठरल्याची बातमी चालते तशी. एक आत्या दुसऱ्या मावशीला फोन करते, ‘‘कळलं का?’’ मावशी एक तर ‘‘नाही बाई, सांग सांग’’ म्हणते, किंवा ‘‘हो, कळलं मला कालच’’ म्हणून विषय तोडते. सर्व्हरांच्या बोलीत पहिल्या उत्तराचा आकडा ३३५ आणि दुसऱ्याचा ४३५. हे आकडे १९८६ साली ठरले. प्रत्येक लेखाला जगात एकमेव असा ओळखक्रमांक असतो. तो सांगून एक यंत्र विचारतं, दुसरं हो किंवा नको म्हणतं. गंमत म्हणजे सर्व्हर जुना लेख पुसून टाकतो, पण त्याचा क्रमांक पुढेही काही दिवस लक्षात ठेवतो. न जाणो, एखादी लांबची आत्या तीच बातमी उशिराने घेऊन यायची.

हे सगळं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव आयएनएन. रिच सॉल्झ यांनी तो १९९१-९२च्या सुमारास लिहिला आणि अजून तो दणकट चालतो. स्वभाव मात्र कडक. याच्या फाइलींची मालकी ‘न्यूज’ नावाच्या वापरकर्त्याकडेच लागते. कॉम्प्युटरचा सर्वाधिकारी म्हणून जो ‘रूट’ असतो, त्याने प्रेमाने एखाद्या फाइलीत हात घातला आणि ती त्याच्या नावावर झाली, की आयएनएन कामाला हातच लावत नाही. त्याच्याबरोबर ‘इन-चेक’ नावाचा एक तपासनीसही मिळतो. तो तुमच्या सगळ्या फाइली चाळून कुठे काय चुकलं याची यादी देतो. कसं सुधारायचं ते तुमचं तुम्ही बघायचं. अशा प्रकारच्या मार्गदर्शनाची मला नोकरीत चांगली सवय झालेली आहे.

जागेचा प्रश्न हिने सोडवला. मुलीचा कॉलेजातला जुना लॅपटॉप, पडदा तडकलेला, बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली. ‘‘हॉलमध्ये नको, बेडरूममध्ये नको, देवघराच्या आसपास तर नकोच,’’ एवढं वगळल्यावर दाराजवळचं चपलांचं कपाट उरलं. इंटरनेटची डबी त्याच भिंतीवर, त्यामुळे मलाही ते सोयीचं. सगळ्यात वरच्या फळीवर सर्व्हर, खाली माझ्या सँडल, त्याखाली पावसाळी बूट. जाळीच्या दारातून एक हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. हा दिवा लक्षात असू द्या.

आता बाहेरच्या जगाला घरातलं यंत्र सापडायचं तर स्वतःचा, न बदलणारा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घरक्रमांक, लागतो. आपल्याकडे बहुतेक घरांना तो मिळतच नाही; शेकडो घरं एकाच पत्त्याच्या आडोशाला असतात. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून ११९ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे न्यूज सर्व्हरसाठी ठरलेल्या खिडकीवर, कुणी टकटक केली तर ती कुणाच्याच दारावर पोचत नाही. म्हणून इंटरनेटवाल्याला फोन केला.

‘‘स्टॅटिक आयपी पाहिजे? कॅमेरे बसवताय का काका?’’

‘‘नाही, न्यूज सर्व्हर आहे.’’

‘‘म्हणजे चॅनल?’’

‘‘चॅनल नाही. लोक लेख लिहितात, तो लेख एका सर्व्हरवरून दुसऱ्या...’’

‘‘काका, फॉर्मवर दोनच पर्याय आहेत. ऑफिस नाहीतर कॅमेरे.’’

‘‘कॅमेरे लिही,’’ मी म्हणालो. संध्याकाळपर्यंत पत्ता मिळाला.

त्यामानाने परदेशातली कामं फारच लवकर झाली. यूजनेटमध्ये शिरायचं तर आधीपासून चालू असलेल्या एखाद्या सर्व्हरवाल्याला ‘मला लेख देता का, माझे घेता का’ असं विचारावं लागतं. फॉर्म नाही, अनामत नाही, फोटोच्या दोन प्रती नाहीत. जर्मनीतल्या एका गृहस्थांना ईमेल केली. उत्तर एका ओळीत आलं, ‘जोडलं आहे, लॉग बघा.’ जर्मन न्यूजग्रुप आजही बऱ्यापैकी नांदते आहेत आणि तिथली मंडळी व्यवस्थेला चोख. पुढे एकदा दुरुस्तीसाठी म्हणून शुक्रवारी आमच्याकडची वीज गेली ती गेलीच. घरात कुणाच्या काही लक्षात यायच्या आत त्यांची ईमेल फोनवर हजर : सकाळपासून तुमचा सर्व्हर उत्तर देत नाही, सगळं ठीक ना? तुमचे लेख इकडे बाजूला काढून ठेवतोय. माझ्या प्रकृतीची इतकी आस्थेने चौकशी नात्यात कुणी केल्याचं स्मरत नाही.

विजेवरून घरात जे झालं ते मात्र जर्मनीला कळवलं नाही. मे महिना, दुपार, इन्व्हर्टर शेवटच्या घटका मोजतोय. ही म्हणाली, ‘‘अहो, पंखा चालू ठेवायचा की ते तुमचं?’’ मी म्हणालो, ‘‘पंखा किती वॅटचा, लॅपटॉप किती...’’ वाक्य पुरं करायचं कारण उरलं नाही. कामाला येणाऱ्या मावशींचा दृष्टिकोन आणखी व्यवहारी. त्या कपाटाजवळच्याच प्लगवर फोन चार्जिंगला लावतात. ‘‘ते लई तापलं हुतं दादा, जरा बंद करून ठिवलंय. निवलं की लावा.’’

वीज परत आली की खरा खेळ सुरू होतो. लॅपटॉपच्या पोटात घड्याळापुरता एक बटण-सेल असतो, तो केव्हाच संपलेला. त्यामुळे प्रत्येक वेळी हे यंत्र जागं होतं ते १ जानेवारी २००९ या तारखेला. इंटरनेटवरून वेळ जुळवणारा एक प्रोग्रॅम असतो खरा, पण तोही जुन्या वळणाचा. फरक हजार सेकंदांच्या वर गेलेला दिसला की तो स्वतः काही करत नाही. एवढी मोठी तफावत माणसानेच बघावी असं नोंदवून निघून जातो. तोवर इकडे जर्मनीहून ताजे लेख यायला लागलेले, आणि आयएनएन प्रत्येकाची तारीख बघून तो परत पाठवतोय. शेरा काय, तर लेख भविष्यकाळात लिहिलेला आहे. कॉम्प्युटरची सी भाषा, रेल्वे, बागकाम असल्या विषयांवर लिहिणारी ही साधी माणसं, आणि चपलांच्या कपाटातून त्यांना भविष्यवेत्ते ठरवलं जातंय.

दुकानातून सेल आणेपर्यंत धीर नव्हता. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात तोच सीआर-२०३२ निघाला. तेव्हापासून सर्व्हर वर्तमानात आहे आणि हिचा केकचा मैदा अंदाजपंचे. दोन्हींचा परिणाम घरात सगळ्यांना भोगावा लागला.

तारखांच्या बाबतीत यूजनेटवाल्यांनी कुणाला हसू नये, हेही तितकंच खरं. पूर्वी दर सप्टेंबरात अमेरिकेतल्या विद्यापीठांतून नव्या विद्यार्थ्यांची लाट यायची, महिनाभर गोंधळ घालायची, मग रीतभात शिकून शांत व्हायची. १९९३ पासून मोठ्या कंपन्यांनी सर्वांनाच दारं उघडली आणि लाट ओसरलीच नाही. म्हणून आजही काही खट्याळ मंडळी तो सप्टेंबर संपलेला नाही असं धरून तारखा मोजतात. त्यांच्या हिशेबाने सप्टेंबर १९९३ची अकरा हजारावी तारीख कधीच उलटून गेली. त्यापुढे माझा २००९चा जानेवारी म्हणजे अगदीच सुधारलेला.

रोज पहाटे सर्व्हर मला एक अहवाल ईमेल करतो. इतके लेख घेतले, इतके नाकारले, अमुक गट आपल्याकडे नसताना कुणी त्यांचे लेख पाठवले. चहाबरोबर तो वाचायला मला बँकेच्या कुठल्याही संदेशापेक्षा बरं वाटतं. त्यात केवायसी मागत नाहीत. भाचा कॉम्प्युटर इंजिनियर आहे. त्याने एकदा अहवालावरून नजर फिरवली. ‘‘मामा, हे डॉकरमध्ये का नाही टाकत?’’ डॉकर म्हणजे प्रोग्रॅम स्वतंत्र डब्यात बंद करून चालवायची नवी तऱ्हा. मी गप्प बसलो. मग आवाज खाली आणून, ‘‘आणि ते सिनेमेवाले ग्रुप?’’ ते मी यादीत एक उद्गारचिन्ह लावून कधीच वगळलेत, हे ऐकल्यावर त्याचा यूजनेटमधला रस संपला. नुसत्या मजकुराला जागा लागते किती? या जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवर वर्षानुवर्षं मावेल एवढा.

मी सर्व्हर उभा केला त्यामागे एक छुपा हेतू होता. मराठीचा स्वतंत्र न्यूजग्रुप आहे, सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी. नव्वदच्या दशकात परदेशी गेलेली मराठी मुलं तिथे रोमन अक्षरांत मराठी लिहायची. एकच शब्द तिघांनी तीन तऱ्हेने लिहिलेला. मोठ्याने वाचल्याशिवाय अर्थ लागायचा नाही, आणि मोठ्याने वाचलं तर लायब्ररीत शेजारचा बघायचा. तर हा गट मी मोठ्या आशेने मागवला. आलं काय, तर गोळ्या-औषधांच्या जाहिराती. २२ फेब्रुवारी २०२४ ला गूगल ग्रुप्सने यूजनेटशी संबंध तोडला. स्पॅमचा मोठा ओघ तिथूनच येत होता, तो एका रात्रीत आटला. जगभरच्या सर्व्हरवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आमच्या मराठी गटात मात्र दुसऱ्या दिवसापासून काहीच नाही, जाहिरातसुद्धा नाही. मी एक लेख टाकून पाहिला, अस्सल देवनागरीत, डोंबिवलीतल्या पावसावर. तो सगळीकडे व्यवस्थित पोचला. प्रतिसाद जर्मनीहून आला. त्यांना मजकूर वाचता येत नव्हता, पण अक्षरं शाबूत दिसतायत एवढं त्यांनी आवर्जून कळवलं.

आता त्या हिरव्या दिव्याकडे येऊ. इंटरनेटवाल्याच्या मुलाने आमच्या वॉचमनला सांगितलं, वॉचमनने दूधवाल्याला, की तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी कॅमेरे बसवले. या बातमीलाही कुठे ४३५ मिळाला नसावा, कारण आठवड्याभरात समोरच्या काकू दारात. ‘‘भाऊजी, आमची दुधाची पिशवी रोज कोण नेतं ते तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये दिसत असेल ना?’’ मी कपाट उघडून दाखवलं. त्यांनी लॅपटॉप पाहिला, दिवा पाहिला, वायर पाहिली आणि समाधानाने मान डोलावली. ‘‘चपलांमध्ये लपवलाय. छान केलंत. कुणाला संशय यायचा नाही.’’

मी सर्वसाधारण सभेत खुलासा करायचं ठरवलं. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी, पार्किंग आणि ‘सुरक्षा’ असे विषय होते. सुरक्षेचा आला तसा मी उभा राहिलो आणि १९७९ पासून सुरुवात केली. ड्यूक विद्यापीठापर्यंत पोचलो असेन, सेक्रेटरी म्हणाले, ‘‘तांत्रिक तपशिलात आपण नको जायला. मुद्दा काय, की पिशव्या जायच्या बंद झाल्यात.’’

त्या खरंच बंद झाल्या होत्या. पिशव्या नेणाऱ्यानेही कपाटातला दिवा पाहिला असणार. टाळ्या पडल्या. स्टॅटिक आयपीचा अर्धा खर्च सोसायटीने उचलावा असा ठराव आला, मी हात वर करेपर्यंत एकमताने मंजूरही झाला. आता गच्चीवरच्या टाकीपाशीही असाच एक बसवा म्हणून समिती मागे लागली आहे. तिथे प्लग आहे, सावली आहे, आणि घरात पंख्यावरून होणारी बोलणी तिथवर पोचणार नाहीत. दुसऱ्या सर्व्हरला लेख द्याल का, असं मी जर्मनीला विचारून ठेवलंय.