आठ जीबीचं पापलेट

मुंबईत सिटीलाइटच्या मासळी बाजारात "मावशी, हे पापलेट केवढ्याचं?" एवढंच विचारून कोणी पिशवी पुढे करत नाही. आधी कल्ल्यापाशी अंगठ्यानं दाबून बघायचं. पांढरं पाणी आलं तर भाव करायचा, लालसर आलं तर पुढच्या पाटीकडे सरकायचं. मावशी पाठीमागून काहीबाही बोलते, ते ऐकायचं नसतं. हाच चोखंदळ माणूस ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात पोचला (पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगितलंत तर तोच तुम्हाला पत्ता विचारेल) की काउंटरवर कोपर टेकवून म्हणतो, "आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड कितीला?" झाली चौकशी! दुकानदाराचा चेहरा उजळतो. गिऱ्हाइकानं कल्ला दाबलेला नाही, हे त्याच्या लक्षात आलेलं असतं.

माझा नियम आहे, ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं काढणारा कॉम्प्युटरचा भाग) घेताना जीबी सगळ्यात शेवटी वाचायचे. जीबी म्हणजे कार्डाच्या मेमरीचं, म्हणजे डब्याचं माप. डब्याचं तोंड केवढं, ते त्यातून कळत नाही. त्या तोंडाला म्हणतात मेमरी बस आणि तिची रुंदी बिटमध्ये मोजतात. हिशेब चौथीतल्या पोराला जमेल असा आहे. बसची रुंदी गुणिले मेमरीचा वेग, भागिले आठ (आठ बिटांचा एक बाइट). एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबीवाल्या कार्डात बस १९२ बिट आणि वेग १५ गिगाबिट, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. त्याच्या नंतर २०२३ मध्ये आलेल्या ४०६० मध्ये बस १२८ बिट, वेग १७, म्हणजे २७२. शिवाय मेमरी १२ वरून ८ वर आणि कोअर (चिपमधले हिशेबनीस) ३५८४ वरून ३०७२ वर. नावातला आकडा हजारानं वाढला आणि बाकीचं जवळपास सगळं आटलं.

इथे अर्धवट अभ्यास केलेला माणूस "लुटलं!" म्हणून ओरडतो. मीही त्याच्या सुरात सूर मिळवला असता, पण कार्डाच्या माहितीच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एल-टू कॅश नावाची ओळ असते. ३०६० मध्ये ती ३ एमबी, ४०६० मध्ये २४. कॅश म्हणजे मिसळणाचा डबा. हळद, तिखट, मोहरी हाताशी असली की दर फोडणीला उठून फडताळ उघडावं लागत नाही, मग फडताळाचं दार अरुंद का असेना. त्यात नव्या चिपचं घड्याळही बरंच जोरात धावतं. म्हणून इतकं सगळं आटूनही बहुतेक गेममध्ये ४०६० च पुढे राहतं, आणि तेही १७० ऐवजी ११५ वॉटमध्ये. रोज चार तास खेळलात तर महिन्याला साडेसहा युनिट वाचतात. वीजबिल पाहून घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येण्याइतका हा आकडा नाही, पण बोलताना कामी येतो.

पण फडताळच भरलं तर? टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंच्या अंगावर चिकटवलेली चित्रं) सर्वात वरच्या पातळीवर नेले की आजचे कित्येक गेम आठ जीबीत मावत नाहीत. उरलेला माल कॉम्प्युटरच्या रॅममध्ये जातो आणि तिथून आणायचा रस्ता म्हणजे पीसीआय एक्सप्रेस. फोडणी करपतेय आणि पोरगं जिरं आणायला वाण्याकडे गेलंय, अशी गत. चित्र अडखळतं, गचके बसतात. ४०६० ला या रस्त्याच्या आठच लेन आहेत. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्यातून सेकंदाला साधारण १६ जीबी येतं, तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डवर निम्मं. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच लेन आणि मेमरी ४ जीबी. जुन्या बोर्डवर ते कार्ड लावणं म्हणजे वाण्याचं दुकान विरारला आणि आपण चर्चगेटला. तेव्हा कार्ड बघण्याआधी बोर्ड बघा.

खरी गंमत नावांची आहे. बाजारात एकाच नावाची दोन कार्डं सर्रास असतात. जीटी १०३० आधी जीडीडीआर ५ मेमरीसह आलं, सेकंदाला ४८ जीबी. मग २०१८ मध्ये त्याच नावानं डीडीआर ४ मेमरीवालं आलं, १६.८ जीबी. खोक्यावर दोन्हीकडे 'दोन जीबी' असं ठसठशीत छापलेलं. ३०६० चंही ८ जीबीचं भावंड निघालं, त्याच्या बसची रुंदी १२८ बिट. ३०५० च्या ६ जीबीवाल्यात ती ९६ वर आली आणि कोअरही कमी झाले. २०२२ मध्ये एनव्हिडियानं दोन ४०८० जाहीर केली, १६ जीबीचं आणि १२ जीबीचं. दुसऱ्यात चिपच वेगळी होती. लोकांनी इतका गिल्ला केला की कंपनीनं ते विक्रीला यायच्या आधीच मागे घेतलं आणि जानेवारीत ४०७० टीआय नावानं परत आणलं. बारसं करून नाव बदलणं आपल्याकडेही होतं, पण पाळण्यातलं पोर परत नेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि २०१४ चं जीटीएक्स ९७०? कागदावर ४ जीबी, त्यातले साडेतीन झपाट्यानं चालणारे आणि शेपटीकडचा अर्धा मंद. कल्ला कितीही दाबा, शेपटीचं कसं कळणार? अमेरिकेत खटला झाला, गिऱ्हाइकांना कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. आपण लॅमिंग्टन रोडवरचे, आपल्याला नुसतं ज्ञान मिळालं.

कोअर मोजणाऱ्यांची मला दया येते. आरटीएक्स २०८० टीआयमध्ये ४३५२ कोअर, ३०७० मध्ये ५८८८. म्हणजे ३५ टक्के जास्त, आणि गेममध्ये दोघं जवळपास बरोबरीत. कारण २०२० च्या पिढीत कोअर मोजण्याची रीतच बदलली. प्रत्येक गटातल्या ज्या निम्म्या कोअरना पूर्णांकांचंही काम करावं लागतं, तेही हिशेबात धरले गेले. एएमडीच्या आरएक्स ७६०० मध्ये २०४८ च आहेत, तरी रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र रंगवणं) बंद असेल तर ते ४०६० च्या खांद्याला खांदा लावून चालतं. बांगडे आणि बोंबील नगावर मोजून कोणी जेवण ठरवतं का?

लॅपटॉपचं विचारूच नका. डेस्कटॉपचं ४०७० म्हणजे ५८८८ कोअर, १२ जीबी. लॅपटॉपचं ४०७० म्हणजे ४६०८ कोअर, ८ जीबी, आणि त्याला किती वॉट द्यायचे ते लॅपटॉपवाल्याच्या मर्जीवर. वॉटचा आकडा लिहिलेला नसेल तर तो कमी आहे असं धरून चला.

जुनं कार्ड घ्यायचं असेल तर समोर लावून, जीपीयू-झेड हा कार्ड ओळखणारा प्रोग्राम चालवूनच पैसे द्या. जुन्या चिपवर नवी बायॉस (कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्राम) चढवून १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं फिरतात. जीपीयू-झेड त्यांच्या नावाआधी 'फेक' असं सरळ लिहितो. मग अर्धा तास ताण देऊन तापमान बघा. इथरियम या आभासी चलनाचं खाणकाम (कार्डांना हिशेबाला जुंपून चलन मिळवणं) सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडलं आणि अहोरात्र राबलेली कार्डं 'फक्त मुलगा कधीतरी गेम खेळायचा' म्हणून बाजारात आली. पंख्याचा खडखडाट आणि स्क्रूवरचे ओरखडे बघा, मुलगा नेमकं काय करायचा ते कळतं.

आता कार्ड ठरलं. घरी जाऊन टेप घ्या. तीन पंख्यांची कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात आणि कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्यापर्यंत तेवढी जागा नसते. मासा तव्याबाहेर गेला तर शेपटी कापता येते, इथे ती सोय नाही. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) '४५० वॉट' लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नका, स्टिकरवरची १२ व्होल्टची ओळ वाचा. तिथे १६ अँपिअर असेल तर सोळा बारे एकशे ब्याण्णव वॉट, खरी कमाई तेवढीच. त्यातून प्रोसेसरनंही जेवायचंय. ४०६० साठी कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. आणि वन बीएचकेमधलं ते दार असलेलं कॉम्प्युटर टेबल! आत कॅबिनेट, बाहेर गणपतीचा स्टिकर, हवा शून्य. कार्ड ८३ अंशांच्या आसपास पोचलं की आपणहून वेग कमी करतं. दार काढा, स्टिकर भिंतीवर लावा.

इतकं सगळं करून रात्री अकराला गेम सुरू होतो आणि सेकंदाला अकरा फ्रेम, म्हणजे अकराच चित्रं. ड्रायव्हर पुन्हा टाकले जातात, दुकानदाराचा उद्धार होतो, कोणीतरी विंडोज नव्यानं चढवा म्हणतं. त्याआधी टेबलाखाली वाकून कॅबिनेटची पाठ बघा. वर, कीबोर्ड-माउसच्या शेजारी आहे ते मदरबोर्डचं एचडीएमआय. खाली, आडव्या पट्टीत आहे ते कार्डाचं. दहातल्या आठ वेळा मॉनिटरची वायर वर खोचलेली असते. पापलेट फ्रीजमध्ये, आणि ताटात वरणभात.