वानरांसाठी गावं उठवली म्हणे! कुठं?

परवा रात्री मामाचा फोन आला. पाटण तालुक्यात, कोयनेच्या जंगलाला लागून त्याचं घर आहे. "धरणासाठी आमचा बाप उठला. आता वांदरांपायी आम्ही उठायचं का?" आवाज चढलेला होता. त्याला भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. तोच मला त्या आठवड्यात तिघांनी पाठवला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. मामाच्या फोननंतर पूर्ण वाचला.

मेसेजचं म्हणणं असं : माकडं दुर्मिळ वगैरे काही नाहीत, उलट वाढलीत. सगळी पकडून कोयनेच्या जंगलात सोडावीत. मग जंगलकाठची गावं हलवावीत, कारण "आसामात माणसं बाहेर काढली तेव्हाच सोनेरी वानरं वाचली". आणि पिकांची भरपाई मिळतेच, तेव्हा शेतकऱ्यांनी रडू नये.

आसामपासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठं खोटं तिथं आहे आणि मामाची झोप त्यानंच उडवली.

सोनेरी वानर भूतानचा पायथा आणि पश्चिम आसाम सोडून जगात कुठंही रानात सापडत नाही. त्याच्या मोजक्या ठिकाणांपैकी एक बोंगाईगाव जिल्ह्यातलं काकोइजाना राखीव जंगल, जेमतेम वीस चौरस किलोमीटरचं. तिथून गावं उठवली नाहीत. भोवतीच्या गावांनीच, 'नेचर्स फॉस्टर' या तिथल्याच संस्थेला बरोबर घेऊन, उजाड झालेलं रान राखलं आणि वाढू दिलं. गावकरी सांगतात, 5 टक्क्यांहून कमी उरलेलं झाडांचं छत्र तीन दशकांत 70 टक्क्यांच्या वर गेलं आणि शंभराच्या आत आलेली वानरं सहाशेच्या पुढं गेली. आकडे त्यांचे आहेत, पण झाडं डोळ्यांना दिसतात.

पुढचं तर मेसेजवाल्यानं दोनदा वाचावं. वानरं खाण्यासाठी रानाबाहेर पडायची आणि विजेच्या तारांना चिकटून किंवा गाड्यांखाली येऊन मरायची. म्हणून जून 2020 मध्ये रोजगार हमीतून तिथं पेरू, आंबा, जांभूळ अशी 10,575 झाडं लावायचं काम निघालं. खड्डे खणणारे हात त्याच गावांतले, मजुरीही त्याच गावांत राहिली. आणि 2022 मध्ये सरकारनं या जंगलाचं अभयारण्य करायची तयारी सुरू केली, तेव्हा विरोध याच गावांनी केला. त्यांचं म्हणणं होतं की रान आम्ही वाढवलं, तर 2006 च्या वनहक्क कायद्यानं ते सामूहिक वन म्हणून आमच्याकडं द्या. माणसं काढून वानरं वाचवल्याचा दाखला म्हणून नेमकं हेच आसाम पुढं करायचं? ज्यानं हे लिहिलं त्यानं एकदा नकाशा तरी उघडायला हवा होता.

आता "पकडून कोयनेत सोडा". कोयनेत म्हणजे कुणाच्या दारात? जंगल रिकामी कोठी नाही. तिथं आधीच टोळ्या आहेत, त्यांच्या हद्दी ठरलेल्या आहेत. माकडिणी जन्मभर आपल्या टोळीत राहतात. अर्धी टोळी पिंजऱ्यात घालून परक्या रानात सोडली तर ती जवळच्या वस्तीवर उतरते, आणि ती वस्ती मामाची असते. इकडं मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी टोळी येते.

दुसरा धोका याहून मोठा आहे. आपल्याकडचं मूळचं लाल तोंडाचं माकड म्हणजे डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस आणि लांबलचक शेपूट असलेलं. उत्तरेतलं ऱ्हीसस वेगळं. त्याची शेपूट आखूड, मागचा भाग तांबूस. माकडांवर संशोधन करणाऱ्या सिंधू राधाकृष्ण आणि अनिंद्य सिन्हा यांच्या गटानं 2011 मध्ये दाखवून दिलं की ऱ्हीसस दक्षिणेकडं सरकतोय आणि बऱ्याच ठिकाणी त्यानं आपल्या माकडाची जागा घेतलीय. आपलं माकड फक्त दक्षिण भारतीय द्वीपकल्पात आहे, बाकी जगात कुठंच नाही. पिंजऱ्यातून कुठलं माकड कुठं चाललंय हे न बघता गाड्या भरायला लागलो तर हा ऱ्हास आपण आपल्या हातानं कोयनेपर्यंत पोचवू.

"वाढलीत" हे अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. गावात जास्त दिसतात. पण हेच माकड धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे. सुरूर-वाई रस्त्यावरचे जुने वड तोडले, पसरणी घाटात गाड्या थांबवून वेफर्स फेकले, देवराया विरळ केल्या. मग ती कौलांवर येणार नाहीत तर कुठं जातील?

भरपाईच्या नियमात माकड आणि वानर दोन्ही आहेत, हेही खरं. पण रानगव्यानं एका रात्रीत लोळवलेलं शेत पंचनाम्यात दिसतं. माकडं भुईमूग रोज चार वेल उपटून महिनाभर खातात, त्याचा पंचनामा कुठल्या दिवशी करायचा? मामानं तीन वर्षांपूर्वी भुईमूग लावणंच सोडलं. न पेरलेल्या पिकाची भरपाई कुठल्याच अर्जात बसत नाही. त्यामुळं शेतकरी रडतो म्हणणाऱ्यानं आधी एक हंगाम गोफण घेऊन बांधावर बसावं, मग बोलावं.

मामाला काकोइजानाची सगळी हकीकत सांगितली. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "रोजगार हमी तर आपल्याच राज्यात सुरू झाली. मग आपल्याकडं रानाच्या कडेला उंबर, जांभूळ का लावत नाहीत?" येत्या ग्रामसभेत तो हा विषय मांडणार आहे. ठरावाचा मसुदा मी लिहायला घेतलाय.